कुणाचाच नसलेला पत्ता

कुबरनेटिसशी गाठ पडण्याआधी सर्व्हर म्हणजे काय, याची माझ्या डोक्यात पक्की कल्पना होती. एक मशीन, त्याचा एक आयपी पत्ता, त्यावर एक पोर्ट आणि त्या पोर्टवर ऐकत बसलेला एक प्रोग्रॅम. काही अडलं की मशीनवर लॉगिन करायचं, प्रोग्रॅम चालू आहे का, पोर्ट उघडा आहे का, फायरवॉल आडवी येते का, एवढं बघायचं. बहुतेक वेळा उत्तर त्यातच मिळायचं.

आमची कंपनी कोल्हापुरातली, लहानशी. दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करते. सकाळी आणि संध्याकाळी केंद्रावर दूध येतं, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मोजलं जातं, उत्पादकाच्या हातात पावती पडते आणि तीच नोंद आमच्या सर्व्हरवर येते. दहा दिवसांनी बिल निघतं ते या नोंदींवरून. त्यामुळे एक नोंद अडकली तर ती कुणाच्या तरी घरखर्चाची असते, हे मला सपोर्टचे फोन घेताना पुरतं कळलेलं होतं. दिवसभर सर्व्हर निवांत असतो आणि सकाळच्या दोन-अडीच तासांत सगळी केंद्रं एकदम तुटून पडतात. एकच मशीन, आणि नेमकं त्याच वेळी ते बसलं तर सगळंच बसतं. म्हणून कंपनीने हे काम कुबरनेटिसच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटावर, न्यायचं ठरवलं आणि मला सपोर्टमधून उचलून त्या टीममध्ये टाकलं. टीमप्रमुखांना सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. क्लस्टरच्या व्याख्या लिहिलेल्या फायली एका बाहेरच्या माणसाकडून करून घेतल्या होत्या. माझं काम होतं त्या चालवून बघणं आणि बाहेरून नोंद आत पोचते आहे याची खात्री करणं.

सुरुवात ऑफिसातल्याच एका मशीनवर झाली. के३एस नावाचं कुबरनेटिसचं एक हलकं रूप आहे, ते त्यावर बसवलं. गूगलने कुबरनेटिस २०१४ मध्ये खुलं केलं आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली. म्हणजे मी वाचायला घेतलं तोवर त्यावर ढीगभर लिहून झालेलं होतं. पण वाचून कळणं आणि पडद्यावरची ओळ समोर असताना कळणं यांत फार अंतर होतं.

पडद्यावर सगळं हिरवं होतं. पॉडची, म्हणजे प्रोग्रॅमच्या चालत्या प्रतींची, यादी मागितली की नोंदी घेणाऱ्या आमच्या एपीआयचे तिन्ही पॉड ‘रनिंग’ दिसत, तयारीच्या रकान्यात एकाला एक. सर्व्हिसची यादी मागितली की सर्व्हिस दिसे, तिला पत्ताही होता, १०.४३ ने सुरू होणारा. आणि त्या पत्त्यावर कर्ल या आदेशाने विनंती पाठवली की तत्क्षणी उत्तर येई: कनेक्शन रिफ्यूज्ड.

सवयीने त्या पत्त्याला पिंग केलं. उत्तर नाही. मग मशीनवर जाऊन कुठल्या नेटवर्क कार्डावर हा पत्ता आहे ते शोधलं. खऱ्या कार्डावर नाही, आभासी कार्डांवरही नाही. तो पत्ता कुणाचाच नव्हता. मला वाटलं, बिघाड सापडला: पत्ता नोंदवला आहे, पण कुठे बसवलेलाच नाही. ताईंना तसं सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “तो कधीच कुणावर बसलेला नसतो. पिंगचा उपयोग नाही इथे. चल, दाखवते.”

त्यांनी जे दाखवलं त्याने मी खरोखर चकित झाले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

कुबरनेटिसमध्ये प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी मिळतो. पण पॉड टिकाऊ नसतो. तो पडतो, पुन्हा उभा राहतो, दुसऱ्या मशीनवर जातो, आणि दर वेळी पत्ता नवा. तेव्हा पॉडच्या पत्त्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून सर्व्हिस. तलाठ्याची बदली होते, चावडी जागेवर राहते. लोक चावडीवर जातात, आज तिथे कोण बसलंय ते गेल्यावर कळतं. सर्व्हिसचं काम मला असं समजलं, आणि एका मर्यादेपर्यंत ते बरोबरही आहे. पण चावडी ही निदान इमारत असते. सर्व्हिसच्या पत्त्याला जागाच नाही. क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर क्यूबप्रॉक्सी नावाचा घटक असतो. तो लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये नियम लिहून ठेवतो की या पत्त्याकडे निघालेलं पॅकेट दिसलं तर त्यावरचा पत्ता खोडून अमुक पॉडचा घाल. पॅकेट मशीनमधून बाहेर पडायच्या आतच त्याचं गंतव्य बदललेलं असतं. त्या पत्त्यापर्यंत कुणीच कधी पोचत नाही. नियम आमच्या टीसीपी पोर्टपुरता लिहिलेला होता, म्हणून पिंगला कुणी वालीच नव्हता.

ताईंनी एका नीट चालणाऱ्या सर्व्हिसचे नियम उघडून दाखवले. तिच्या मागेही तीन पॉड होते आणि नियमही तीनच. पहिल्यावर लिहिलं होतं संभाव्यता ०.३३३३३३३३३४९, दुसऱ्यावर ०.५, आणि तिसऱ्यावर काहीच नाही. तिघांना समान वाटा द्यायचा तर तिन्हीकडे एक तृतीयांश का नाही, हा माझा प्रश्न. “वरून खाली वाच,” ताई म्हणाल्या. पहिला नियम सगळ्या जोडण्यांतला एक तृतीयांश उचलतो. उरलेल्या दोन तृतीयांशांतले निम्मे दुसरा उचलतो, म्हणजे पुन्हा एक तृतीयांशच. जे उरलं ते सगळं तिसऱ्याचं. सर्व्हरसमोर भार वाटणारं एखादं भारीतलं यंत्र असणार अशी माझी समजूत होती. इथे साध्या तीन ओळी एकाखाली एक होत्या, आणि लाखो मशीनवर हेच चालतं. त्या रात्री घरी जाऊन मी आईला हे समजावून सांगितलं होतं, इतकं ते आवडलं.

आमच्या सर्व्हिसचा नियम मात्र वेगळा होता. तिच्या पत्त्यापुढे ‘रिजेक्ट’ होतं, आणि नियमाला जोडलेल्या शेऱ्यात सर्व्हिसचं नाव व पुढे स्पष्ट शब्दांत कारण: हिला एकही एंडपॉइंट नाही.

एंडपॉइंट म्हणजे सर्व्हिसच्या मागे आत्ता प्रत्यक्ष उभ्या असलेल्या पॉडचे पत्ते. ते सर्व्हिस लेबलांवरून ओळखते. सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘सिलेक्टर’ म्हणून एक लेबल लिहिलेलं असतं, ते ज्या पॉडांवर असेल ते तिचे. आमच्या सर्व्हिसच्या सिलेक्टरमध्ये ‘संकलन’ होतं आणि पॉडांवर लेबल होतं ‘संकलन-एपीआय’. दोन्ही फायली आपापल्या जागी शुद्ध, म्हणून कुबरनेटिसने कसलीही तक्रार केली नव्हती. तक्रार करायचं कारणही नाही, कारण ज्या सर्व्हिसला अजून एकही पॉड नाही अशी सर्व्हिस पूर्ण वैध असते. क्यूबसीटीएल या क्लस्टरला आदेश द्यायच्या साधनाने सर्व्हिसचं वर्णन मागितलं की एंडपॉइंट्सच्या ओळीत ‘नन’ दिसतं. नवख्या माणसाला मी आज एकच गोष्ट आधी बघायला सांगेन, ती ही ओळ. पॉडची हिरवी यादी आणि सर्व्हिसची व्यवस्थित यादी यांच्या मधली जोडणी फक्त इथे दिसते.

लेबल जुळवलं. एंडपॉइंट्समध्ये तिन्ही पत्ते आले. पुन्हा कर्ल केलं. कनेक्शन रिफ्यूज्ड.

तेच शब्द, अक्षरशः तेच. मला वाटलं बदल लागूच झाला नाही. पण आयपीटेबल्समध्ये ‘रिजेक्ट’चा नियम गेलेला होता, तिथे आता तीन पॉडांचे तीन नियम होते. मग मी पोर्ट-फॉरवर्ड करून बघितलं. या आदेशाने आपल्या लॅपटॉपवरचा एक पोर्ट थेट क्लस्टरमधल्या पॉडशी जोडला जातो. आधी एका पॉडला जोडलं: उत्तर आलं. सर्व्हिसच्या नावाने जोडलं: उत्तर आलं. नमुन्याची नोंद पाठवली, गाय, ७.५ लिटर, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, आणि ती व्यवस्थित जमा झाली. म्हणजे एपीआय ठीक, सर्व्हिस ठीक, एंडपॉइंट ठीक. आणि तरीही क्लस्टरमधल्या दुसऱ्या पॉडमधून सर्व्हिसला हाक मारली की नकार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात हे मला काही केल्या उलगडेना. माझ्या जुन्या जगात एखादी गोष्ट चालते तरी किंवा चालत नाही तरी.

उलगडा झाला तो पोर्ट-फॉरवर्डची वाट नीट वाचल्यावर. लॅपटॉपवरून निघालेली जोडणी आधी क्लस्टरच्या एपीआय सर्व्हरकडे जाते, तिथून पॉडच्या मशीनवरच्या क्यूबलेटकडे, म्हणजे तिथले पॉड सांभाळणाऱ्या घटकाकडे, मग कंटेनर चालवणाऱ्या रनटाइमकडे, आणि रनटाइम तिला पॉडच्या नेटवर्कच्या आत उतरवून तिथल्या लोकलहोस्टवर, म्हणजे १२७.०.०.१ वर नेऊन सोडतो. सर्व्हिसचं नाव दिलं तरी क्यूबसीटीएल त्या नावावरून एक पॉड निवडतं, एवढंच. सर्व्हिसचा पत्ता, क्यूबप्रॉक्सी, आयपीटेबल्स, यांतलं काहीही या वाटेवर लागत नाही. मी सर्व्हिस तपासते आहे असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात सर्व्हिसला पूर्ण वळसा घालून मागच्या दाराने आत जात होते.

ताईंनी मग पॉडच्या आत शिरून ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढायला सांगितलं. एकच ओळ आली: १२७.०.०.१, पोर्ट ८०००. आमचा एपीआय पायथनमध्ये आहे आणि गुनिकॉर्न नावाच्या सर्व्हरखाली चालतो. गुनिकॉर्नला वेगळं काही सांगितलं नाही तर तो ह्याच पत्त्यावर आणि ह्याच पोर्टवर ऐकतो. म्हणजे फक्त स्वतःच्या घरातली हाक ऐकतो. बाहेरून पॉडच्या आयपीवर आलेल्या जोडणीला त्या पॉडचा लिनक्सच परत पाठवत होता. पोर्ट-फॉरवर्ड मात्र आतल्या लोकलहोस्टवरच जात असल्यामुळे त्याला दार उघडं मिळे. सुरू करायच्या आदेशात ०.०.०.० वर ऐक असं लिहिलं आणि सर्व्हिस बोलू लागली.

आणि तयारीच्या रकान्यातलं ते एकाला एक? तेही खोटं नव्हतं. आमच्या फाइलमध्ये रेडिनेस प्रोब, म्हणजे पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का हे विचारून बघण्याची सोय, लिहिलेलीच नव्हती. ती नसेल तर कंटेनर जिवंत आहे एवढ्यावर पॉड तयार धरला जातो. प्रोब लिहिलेला असता तर क्यूबलेटने पॉडच्या आयपीवर विचारणा केली असती, तिलाही हाच नकार मिळाला असता, आणि यादी पहिल्या मिनिटापासून शून्याला एक दाखवत राहिली असती. आम्ही लगेच प्रोब जोडला. तो पुढे एका वेगळ्या पद्धतीने कोड्यात टाकणार होता.

या सगळ्यात माझ्या हाती जे लागलं ते म्हणजे अपयशाच्या तऱ्हा वाचणं. रिफ्यूज्ड झटकन येतं, कारण कुणीतरी ‘नाही’ म्हणालेलं असतं: एक तर नियमाने, नाहीतर समोरच्या यंत्राने. म्हणजे पॅकेट कुठेतरी पोचलं आणि उत्तरही परत आलं. टाइमआउट म्हणजे कुणी काहीच बोललं नाही, पॅकेट वाटेत गडप झालं. नावच सापडलं नाही असा संदेश म्हणजे जोडणीचा प्रयत्नसुद्धा अजून झालेला नाही. सपोर्टला असताना मी या तिन्हींसाठी एकच शब्द लिहायची, ‘कनेक्ट होत नाही’, आणि केंद्राचे सचिवही फोनवर तेवढंच सांगायचे. आता मला वाटतं, नेमका शब्द काय दिसला आणि तो किती वेळाने दिसला, हे दोन प्रश्न फोनवरच विचारायला हवेत.

नावांचा एक छोटा अडथळा आला, तो लवकर सुटला. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नुसतं ‘रिपोर्ट’ म्हटलं की अहवालांची सेवा सापडायची. क्लस्टरमध्ये ती दुसऱ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, होती, आणि नुसतं नाव फक्त आपल्याच नेमस्पेसमध्ये शोधलं जातं. नावापुढे टिंब देऊन नेमस्पेसचं नाव जोडलं की झालं.

मग आम्ही खऱ्या क्लस्टरवर गेलो. मुंबईतल्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या तीन आभासी मशीन, त्यांवर के३एस, प्रत्येक मशीनवर आमच्या एपीआयचा एकेक पॉड. फायली त्याच, ऑफिसात तावून सुलाखून घेतलेल्या. बाहेरून थेट तपासता यावं म्हणून चाचणीपुरता नोडपोर्ट उघडला होता. ३०००० ते ३२७६७ यांतला एक पोर्ट प्रत्येक मशीनवर उघडतो आणि कुठल्याही मशीनवर हाक मारली तरी सर्व्हिसकडे जातो.

पहिली विनंती: उत्तर आलं. दुसरी: नुसती टांगून राहिली. तिसरीही तशीच. मग पुन्हा एकीला झटकन उत्तर. काही केंद्रांची नोंद जाईल, काहींची नाही, आणि पुन्हा पाठवली तर कदाचित जाईल. पूर्ण बंद पडलेल्या सेवेपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटली. बंद सेवा निदान सगळ्यांना दिसते. अशी अर्धवट सेवा सकाळच्या गर्दीत पावत्या छापत राहील आणि नोंदींना भोकं पडत जातील.

पॉड तिन्ही हिरवे. आता तर प्रोबही होता आणि तोही हिरवा. एंडपॉइंट्समध्ये तिन्ही पत्ते. लॉग काढले तर दोन पॉडांच्या लॉगमध्ये डेटाबेसच्या नावाबद्दल ओळ: नाव शोधण्यात तात्पुरतं अपयश. टीममधल्या सगळ्यांचं मत पडलं, डीएनएस बिघडलाय. क्लस्टरमध्ये नावं शोधून देण्याचं काम कोअरडीएनएस करतो. त्याचा पॉड बघितला, निरोगी. त्याचे लॉग स्वच्छ. तिसऱ्या पॉडला तोच कोअरडीएनएस सगळी नावं कुरकुर न करता देत होता. तो पुन्हा सुरू करून बघितला, फरक नाही.

ताई त्या दिवशी बाहेरगावी होत्या. फोनवर म्हणाल्या, “पॉडची यादी रुंद करून बघितलीस का? कोण कुठं बसलंय ते बघ.”

रुंद यादीत एक रकाना जास्त येतो, कुठला पॉड कुठल्या मशीनवर आहे त्याचा. ऑफिसात एकच मशीन असल्याने मी त्या रकान्याकडे कधी बघितलंच नव्हतं, बघण्यासारखं काही नव्हतंच. आता दिसलं: कोअरडीएनएसचा पॉड एकच, आणि तो पहिल्या मशीनवर. ज्या एपीआय पॉडला नावं मिळत होती तोही पहिल्या मशीनवर. ज्या दोघांना मिळत नव्हती ते दुसऱ्या आणि तिसऱ्या.

मी वहीत चौकट आखली. आडव्या ओळींत तीन मशीन, उभ्या रकान्यांत तीच तीन. प्रत्येक मशीनवर तपासणीसाठी एक तात्पुरता पॉड उभा केला, आणि प्रत्येकातून तिन्ही एपीआय पॉडांच्या थेट आयपीवर कर्ल केलं, सर्व्हिस मध्ये न आणता. पहिल्यावरून पहिल्याला: उत्तर. पहिल्यावरून दुसऱ्याला: टाइमआउट. एकेक घर भरत गेले. शेवटी नऊ घरांत तीनच बरोबरच्या खुणा होत्या आणि त्या तिन्ही तिरप्या ओळीत, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक मशीन फक्त स्वतःशी बोलत होतं.

त्या एका चौकटीने इतका वेळ सुटी सुटी वाटणारी सगळी लक्षणं एकत्र आणली. बाहेरून पहिल्या मशीनवर आलेली विनंती तीनपैकी एका नियमाने उचलली जाई. स्वतःच्या मशीनवरचा पॉड निघाला तर उत्तर, दुसरा कुठला निघाला तर शांतता. म्हणून तीनांत साधारण एक. डीएनएस बिघडलेला नव्हता, दोन मशीनवरून त्याच्यापर्यंत जाताच येत नव्हतं. आणि कुठलीही जोडणी नावापासूनच सुरू होत असल्यामुळे लॉगमध्ये पहिला बोभाटा त्याचाच झाला. प्रोब हिरवा, कारण प्रोब करणारा क्यूबलेट पॉडच्याच मशीनवर असतो; त्याची विचारणा कधी मशीन ओलांडत नाही. आणि क्यूबसीटीएल सगळीकडे पोचत होतं, लॉग देत होतं, पॉडमध्ये शिरू देत होतं, कारण के३एसमध्ये प्रत्येक कामगार मशीन स्वतःहून मुख्य मशीनच्या ६४४३ पोर्टला जोडलेलं असतं आणि हा व्यवहार त्या जोडणीतून चालतो. पुन्हा तेच. मी ज्या वाटेने बघत होते ती धडधाकट होती आणि नोंद ज्या वाटेने जाणार होती ती वेगळीच होती.

आता प्रश्न उरला, पॅकेट हरवतं कुठे. एका मशीनवरच्या पॉडचं पॅकेट दुसऱ्या मशीनवर नेण्याचं काम के३एसमध्ये मूळ मांडणीत फ्लॅनेल करतो. डेटा सेंटरच्या नेटवर्कला पॉडचे १०.४२ ने सुरू होणारे पत्ते माहीतच नसतात. म्हणून फ्लॅनेल पॉडचं अख्खं पॅकेट उचलून दुसऱ्या एका यूडीपी पॅकेटच्या पोटात घालतो आणि बाहेर या मशीनचा व त्या मशीनचा पत्ता लिहितो. या पद्धतीला व्हीएक्सलॅन म्हणतात आणि फ्लॅनेल त्यासाठी लिनक्सवर ८४७२ हा पोर्ट वापरतो. या वेष्टणाला ५० बाइट लागतात, म्हणून पॉडच्या नेटवर्क कार्डावर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १५०० ऐवजी १४५० दिसतो. तो आकडा मी आधी पाहिला होता, त्याचा अर्थ तेव्हा लागला.

पहिल्या आणि दुसऱ्या मशीनवर दोन खिडक्या उघडून दोन्हीकडे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडंप लावला, फक्त यूडीपी ८४७२ दाखव म्हणून. मग पहिल्यावरच्या तपासणी पॉडमधून दुसऱ्यावरच्या एपीआयला हाक मारली. डावीकडच्या खिडकीत ओळ उमटली: या मशीनकडून त्या मशीनकडे, पोर्ट ८४७२, पोटात पॉडकडून पॉडकडे निघालेलं जोडणीचं पहिलं पॅकेट. एका सेकंदाने तेच पुन्हा. मग दोन सेकंदांनी. मग चार. लिनक्स धीर धरून, दर वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करत, तेच पॅकेट परत पाठवत होता. उजवीकडची खिडकी पूर्ण कोरी. पॅकेट एका मशीनमधून निघत होतं आणि दुसऱ्यात शिरत नव्हतं. म्हणजे कुबरनेटिसच्या कुठल्याही फाइलमध्ये शोधण्यासारखं आता काही नव्हतं. दोन मशीनच्या मधे फक्त भाड्याच्या जागेची फायरवॉल होती.

तिचे नियम उघडले. लॉगिनसाठी २२, क्लस्टरसाठी ६४४३, क्यूबलेटसाठी १०२५०, चाचणीसाठी नोडपोर्टांचा पट्टा. चारही टीसीपी. यूडीपीची एकही ओळ नव्हती. मशीन लावून देणाऱ्याने टीसीपीचे पोर्ट काळजीपूर्वक उघडले होते आणि के३एसच्या गरजांच्या यादीतला यूडीपी ८४७२ राहून गेला होता.

मी नियम लिहायला घेतला आणि स्रोताच्या रकान्यात ‘कुठूनही’ निवडणार, तेवढ्यात ताई फोनवरच म्हणाल्या, “तो जगाला उघडू नकोस. फक्त आपल्याच तीन मशीनना.” कारण विचारलं. व्हीएक्सलॅनमध्ये ओळख पटवण्याची सोय नसते. बाहेरच्या कुणी नीट घडवलेलं पॅकेट या पोर्टवर पाठवलं तर ते सरळ पॉडांच्या नेटवर्कमध्ये उतरू शकतं. के३एसच्या दस्तऐवजातही तशी स्पष्ट सूचना आहे. म्हणून स्रोत म्हणून तिन्ही मशीनचा गटच दिला, बाहेरचं कुणी नाही.

नियम जतन केला. उजव्या खिडकीत ओळी येऊ लागल्या. नवी चौकट आखून नऊ घरं पुन्हा भरली, नऊही बरोबर. मग सर्व्हिसच्या नावाने, मग नोडपोर्टवरून, मग ऑफिसच्या इंटरनेटवरून, आतून बाहेर याच क्रमाने. दोन केंद्रांना चाचणीसाठी जोडलं आणि संध्याकाळच्या संकलनाच्या नोंदी आणि केंद्रावरच्या पावत्या एकेक करून ताडून बघितल्या. एकही कमी नव्हती. केंद्राच्या सचिवांना मी फोन करून तसं कळवलं, तेव्हा ते म्हणाले, “मग उद्या सकाळी पण बघूया की.” सकाळीही जुळल्या.

ताडताना एक नवीनच गोष्ट नजरेस आली. एपीआयच्या लॉगमध्ये प्रत्येक नोंद कुठल्या आयपीवरून आली ते लिहिलेलं असतं. जुन्या सर्व्हरवर तिथे केंद्राच्या इंटरनेटचा पत्ता यायचा आणि सपोर्टला त्याचा उपयोग व्हायचा. आता सगळ्या नोंदी क्लस्टरच्याच आतल्या पत्त्यांवरून आल्यासारख्या दिसत होत्या. नोडपोर्टवर आलेली जोडणी पुढे पॉडकडे पाठवताना मशीन पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा लिहितं, म्हणजे उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे टाळायचं तर सर्व्हिसमध्ये बाहेरच्या वाहतुकीचं धोरण ‘लोकल’ करता येतं. मग मूळ पत्ता शाबूत राहतो, पण ज्या मशीनवर आपला पॉड नाही ते मशीन आलेली जोडणी टाकून देतं. आम्ही तूर्त धोरण आहे तेच ठेवलं आहे आणि केंद्राची ओळख पटवण्यासाठी प्रत्येक नोंदीत केंद्राचा क्रमांक सहीसकट पाठवायला सुरुवात केली आहे. नोडपोर्ट बंद करून समोर ट्रॅफिक (Traefik) नावाचा प्रॉक्सी ठेवायचा आहे. केंद्राचा मूळ पत्ता त्याच्यामागे कसा जपायचा, याचं वाचन सध्या चालू आहे. ताईंनी तेही काम माझ्याकडेच दिलं आहे.